ग्रंथपाल म्हणजे नेमकं कोण? ग्रंथालयात काम करणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्याआधी पाच वर्षं गावच्या सार्वजनिक वाचनालयात निर्गम सहायक होते, म्हणजे पुस्तकं देवघेव करणारी. खालचे प्रश्न मला बी.लिब.चे, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचे विद्यार्थी, सहकारी प्राध्यापक, वर्गणीदार आणि लग्नाच्या मांडवात भेटणारे नातेवाईक विचारत आले आहेत. क्रम लावण्याचं काम दिवसभर करत असल्यामुळे इथे मात्र लावलेला नाही.

दिवसभर पुस्तकं वाचायला मिळत असतील ना? मजा आहे!

एसटीचा कंडक्टर दिवसभर प्रवास करतो, पण "मजा आहे, रोज फिरायला मिळतं" असं त्याला कुणी म्हणत नाही. आमचंही तसंच.

गेल्या मंगळवारचं सांगते. सकाळी महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी पाच वर्षांच्या ग्रंथखरेदीचा तक्ता काढला. मग एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला विद्यापीठांचे प्रबंध जिथे ऑनलाइन ठेवतात त्या शोधगंगेवर तिच्या विषयाचे जुने प्रबंध कसे शोधायचे ते दाखवलं. दुपारी नेट बंद पडलं, तेव्हा केबलवाल्याला फोन. त्यानंतर एका प्राध्यापकांच्या शोधनिबंधाचं इतरांच्या लेखनाशी असलेलं साम्य तपासून अहवाल दिला आणि अर्थातच त्यांची नाराजी ओढवून घेतली. संध्याकाळी वाळवी लागलेल्या कपाटातली पुस्तकं परिचरांबरोबर बाहेर काढली. दिवसभरात वाचलं ते एवढंच : वाळवीच्या औषधाच्या डब्यावरची सूचना.

मग तुमच्या पदाला काय म्हणायचं? ग्रंथपाल, लायब्ररीयन, की माहिती व्यवस्थापक?

'ग्रंथपाल' शब्दातल्या 'पाल'वरून कॉलेजातली मुलं जो विनोद करतात, तो माझ्या पहिल्या दिवसापासून चालू आहे आणि माझ्या निवृत्तीनंतरही चालेल. तोच 'पाल' राज्यपालांच्या पदात आहे, तिथे कुणी हसत नाही. असो. पाळणारा, राखणारा असा त्याचा अर्थ. शब्द घडला तेव्हा तो चपखल होता, कारण काम राखण्याचंच होतं.

गेल्या काही वर्षांत पाट्या बदलल्या. पुण्याच्या विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलंही बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र झालं. नाव बदलण्यामागचा विचार समजतो: आता अर्ध्याहून जास्त सामग्री कागदावर नसते. तरी रिक्षावाल्याला सांगताना सगळे "जयकर लायब्ररी"च म्हणतात.

माझ्या मते आमची ओळख पाटीपेक्षा हाकेत जास्त कळते. वाचनालयात होते तेव्हा मी सगळ्यांची 'ताई' होते, माझे वरिष्ठ 'काका' होते. शाळेत गेलात तर 'लायब्ररीच्या बाई'. महाविद्यालयात प्राध्यापक नुसत्या 'मॅडम' आणि मी 'लायब्ररीच्या मॅडम'. त्या षष्ठीच्या प्रत्ययात पुष्कळ काही आलं. परिचरांना सगळे 'मामा' म्हणतात, आणि गंमत अशी की विद्यार्थी अडला की आधी मामांकडेच जातो.

पूर्वीचे ग्रंथपाल निवांत असायचे, सगळं बिघडलं ते संगणक आल्यावर, हे खरं का?

नाही. या पेशाची ओळख प्रत्येक पिढीत हललेली आहे.

जुन्या पद्धतीत पुस्तकं जाळीच्या कपाटात कुलूपबंद असत. वाचक मागणीचिठ्ठी भरणार, परिचर आतून पुस्तक आणणार, आणि किल्ल्या ग्रंथपालाच्या कमरेला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्यायची मुक्तद्वार पद्धत तिथे आली आणि १९११ मध्ये ग्रंथपालनाचा प्रशिक्षणवर्गही निघाला. किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला एकदम सांगितलं गेलं की कुलूप काढा आणि आता लोकांना शिकवा. त्याला काय वाटलं असेल, याची कल्पना मला हल्ली चांगली करता येते.

दुसरं उदाहरण रंगनाथन यांचं. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीदिवशी आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, हार घालतो, पण हे गृहस्थ मुळात गणिताचे प्राध्यापक होते, हे विसरतो. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि रिकामपणाला इतके कंटाळले की परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले. लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं पाहिली, तेव्हा मन पालटलं. 'ग्रंथ हे उपयोगासाठी असतात' इथून सुरू होणारी पंचसूत्री त्यांनी १९३१ मध्ये मांडली. आमच्या पेशाचा जो मूळपुरुष, त्यालाच आरंभी हा पेशा आपला वाटत नव्हता. नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगते.

राखणदारी मात्र पुरती गेली नाही, कारण हिशेब तिचाच मागितला जातो. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत हजार पुस्तकांच्या वापरामागे वर्षाला पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरलं आहे, अर्थात त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसेल तर. तरीही साठा पडताळणीच्या आदल्या रात्री झोप न आलेले ग्रंथपाल मला डझनभर माहीत आहेत. एकीकडे पुस्तकं लोकांच्या हातात जास्तीत जास्त जावीत म्हणायचं आणि दुसरीकडे हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाचं स्पष्टीकरण द्यायचं, या दोन्हीत आमचा माणूस अडकतो.

संगणकीकरणाने नेमकं काय बदललं?

दाखल नोंदवही, साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची तालिकापत्रं म्हणजे कॅटलॉग कार्डं, पुस्तकाच्या मागच्या पानावरचा खिसा, तारखेचा शिक्का हे सगळं बाजूला पडलं. त्या जागी कोहा, सोल किंवा ई-ग्रंथालय यांपैकी एखादं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आलं. कोहा हे न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर. तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. फुकट म्हणून संस्था हौसेने घेतात आणि सर्व्हर कोण सांभाळणार हे ठरवायचं राहून जातं. मग ते आपोआप ग्रंथपालाकडे येतं. त्यासाठी लागणारं लिनक्स मी चाळिशीत शिकले, तेही रात्री, यूट्यूबवर.

मराठी पुस्तकांचं दुखणं आणखी वेगळं. संगणकीकरणाच्या पहिल्या लाटेत युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरी वाचता येईल अशी सामायिक पद्धत, रुळलेली नव्हती. अनेक ग्रंथालयांनी त्या वेळच्या फाँटमध्ये हजारो नोंदी केल्या. सॉफ्टवेअर बदलल्यावर त्या नोंदी उघडल्या तर 'कोसला'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. काहींनी रोमन लिपीत नोंदी केल्या होत्या. तिथे 'Dnyan' शोधायचं की 'Gyan' की 'Jnan', यावर वाचकाचं नशीब. हे सगळं देवनागरीत पुन्हा टंकण्याचं काम अजूनही गावोगाव चालू आहे आणि ते कुठल्याही कार्यमूल्यमापनात दिसत नाही. एका वाक्यात सांगायचं तर आमचं मेहनतीचं काम पडद्यामागे गेलं आणि पडद्यावर फक्त शोधचौकट राहिली. वाचकाला वाटतं, पुस्तक आपोआप सापडतं.

आणि परिचर, शिपाई, निर्गम सहायक यांचं काय? बोलणं नेहमी ग्रंथपालाचंच होतं.

बरोबर धरलंत.

आमच्याकडे एक मामा होते, शिक्षण आठवी. दशांश वर्गीकरण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण मराठी कादंबरीचा ८९१.४६३ हा आकडा ते स्वतःच्या घरनंबरासारखा म्हणत. पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं असेल तर कुठे गेलं असेल याचा त्यांचा अंदाज क्वचित चुके. "मुलं विनोदी पुस्तक घेतात आणि खिडकीजवळ ठेवून जातात," असं त्यांचं शास्त्र होतं. बारकोड आले तेव्हा ते घाबरले. मग एके दिवशी स्कॅनरचा 'पीप' आवाज त्यांना इतका आवडला की चिकटपट्ट्या लावण्याचं सगळं काम त्यांनी अंगावर घेतलं. कागदोपत्री त्यांचं काम 'झाडलोट व पुस्तके लावणे' एवढंच राहिलं.

ते निवृत्त झाले आणि जागा भरली गेली नाही. ही एका महाविद्यालयाची गोष्ट नव्हे. शिक्षकेतर पदांची भरती रेंगाळते, मधल्या काळात कंत्राटी माणूस येतो, दर काही महिन्यांनी बदलतो. नव्याला खिडकीचं शास्त्र कुठून माहीत असणार?

निर्गम सहायकाचं काम यंत्र करू शकतं, असं पुस्तकात चिप लावणाऱ्या आरएफआयडी यंत्रणेचे विक्रेते सांगतात. पुस्तक देण्याघेण्यापुरतं ते खरंही आहे. पण वाचनालयात असताना मी कोणत्या आजींचा मोतीबिंदू झालाय आणि त्यांना मोठ्या टायपातलं पुस्तक हवंय, कुणाच्या घरी नुकतं दुःख झालंय आणि त्यांना आज काय देऊ नये, हे रोज ठरवत होते. त्याला तेव्हा 'सेवा' वगैरे कुणी म्हणत नव्हतं. आता परिसंवादात त्यालाच 'वाचक सल्लागार सेवा' असं भारदस्त नाव देतात आणि त्यावर बोलायला काउंटरवरच्या माणसाला बोलावत नाहीत.

महाविद्यालयातला ग्रंथपाल हा शिक्षक की शिक्षकेतर?

राज्याच्या विद्यापीठ कायद्यातल्या 'शिक्षक' या शब्दाच्या व्याख्येत महाविद्यालयीन ग्रंथपाल येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांनुसार पात्रतेसाठी ग्रंथालयशास्त्रातली नेट किंवा सेट ही परीक्षा लागते आणि सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन सहायक प्राध्यापकाइतकंच, ५७,७०० रुपये. कागदावर प्रश्न मिटला.

प्रत्यक्षात मे महिन्यात कॉलेज रिकामं होतं तेव्हा कार्यालय आणि ग्रंथालय ही दोन दारं उघडी असतात. सुट्टीच्या बाबतीत आम्ही कार्यालयाच्या बाजूचे. शोधनिबंध, रिफ्रेशर कोर्स आणि पदोन्नतीच्या गुणांच्या बाबतीत प्राध्यापकांच्या बाजूचे. स्टाफरूममध्ये खुर्ची आहे, पण आपली अशी नाही. एका बैठकीत मी अभ्यासक्रमाबद्दल बोलायला लागले, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी प्रेमाने म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त पुस्तकांची यादी सांगा." त्यांचा हेतू वाईट नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

मला या वादात एक बाजू घ्यायची झाली तर मी म्हणेन, आम्ही शिकवतो, पण वर्गात नाही. संदर्भ कसा तपासायचा, शोध कुठे थांबवायचा, एखाद्या नियतकालिकावर विश्वास का ठेवायचा नाही, हे एकेका विद्यार्थ्याला खुर्चीशेजारी बसवून शिकवावं लागतं. त्याचा तास लागत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही. काही महाविद्यालयांनी 'माहिती साक्षरते'चा छोटा अभ्यासक्रम वेळापत्रकात घालून यावर उपाय केला आहे. आमच्याकडे तीनदा प्रस्ताव दिला. चौथ्यांदा देणार आहे.

शाळेतल्या ग्रंथपालाचं काम काय असतं?

अधिकृत उत्तर: ग्रंथालय चालवणं. खरं उत्तर: ज्या वर्गाचा तास ऑफ आहे, तिथे जाणं. पटसंख्येवर पद पूर्णवेळ की अर्धवेळ ते ठरतं आणि 'अर्धवेळ ग्रंथपाल' हा शब्द ज्याने शोधला त्याला उरलेल्या अर्ध्या वेळात त्या माणसाने कसं जगावं हेही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

साहित्यचौर्य तपासताना तुम्ही पोलीस झाल्यासारखं वाटत नाही का?

वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्यांनी कारवाई वाढत जाते. २०१९ पासून आयोगाच्याच इन्फ्लिबनेट या केंद्राच्या शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर मिळालं आणि ते चालवण्याचं काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडे आलं.

तोवर ग्रंथपाल हा संशोधकाचा निरुपद्रवी मित्र होता. एका वर्षात आम्ही टक्केवारी सांगणारे झालो. "मॅडम, जरा बघा ना, अकरा टक्के दाखवतंय, एक टक्का कमी होईल का?" असा फोन मला रात्री साडेनऊला आला आहे. आकडा कमी करून देणं माझ्या हातात नाही आणि असतं तरी केलं नसतं, हे सांगून एक ओळख कायमची तुटली.

मराठी प्रबंधांची अडचण तर उलटी आहे. सॉफ्टवेअर ज्याच्याशी ताडून पाहणार, ते मराठी लेखन इंटरनेटवर आहेच किती? जुन्या मासिकातलं आख्खं प्रकरण उचललं तरी अहवाल निष्पाप येतो. अशा वेळी चोरी पकडते ती ज्याने ते मासिक पूर्वी हाताळलंय त्या माणसाची स्मरणशक्ती. म्हणून अहवालावरच्या आकड्याखाली सही करताना माझा हात अडखळतो.

यातच केअर यादीचा गोंधळ. संशयास्पद जर्नलं वगळण्यासाठी आयोगाने पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या मदतीने ही यादी चालवली होती. "हे जर्नल केअरमध्ये आहे का?" या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर देता येत होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत यादी बंद झाली आणि निर्णय संस्थांवर सोपवला. संस्थेने तो समितीवर सोपवला. समिती ग्रंथपालाकडे बघते.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आल्यावर ग्रंथपालाची गरजच काय?

संस्थांसाठी जर्नलांची वर्गणी केंद्र सरकारनेच एकत्र भरायची, अशी ही योजना: ६,००० कोटी रुपये, २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षं, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. आकडे मोठे आहेत आणि योजना चांगली आहे, यात शंका नाही. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलाला जे जर्नल कधी दिसलंच नसतं, ते आता दिसतं.

पण दोन गोष्टी. एक, पहिला टप्पा सरकारी संस्थांचा आहे आणि महाराष्ट्रातली बरीचशी महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची, अनुदानित असली तरी. आमच्यासारख्यांचा आधार अजून एन-लिस्ट ही महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नलं देणारी जुनी योजनाच. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथपालाची ताकद पूर्वी खरेदीत होती. कोणतं जर्नल घ्यायचं, कोणतं बंद करायचं हे तो ठरवायचा, त्यासाठी विभागप्रमुख त्याच्याशी बोलायचे. ती वाटाघाट आता दिल्लीत झाली. खाली उरलं ते लॉगिन काढून देणं आणि "वापर का कमी आहे" याचा खुलासा करणं. विकत घेणारा माणूस आता वापरायला लावणारा झाला. ते काम हलकं नाही, उलट अवघड आहे, पण त्यासाठी वर्गावर जायला दार उघडं लागतं. शिक्षक की शिक्षकेतर, हा वरचा प्रश्न पुन्हा वाचा.

सार्वजनिक वाचनालयातल्या कर्मचाऱ्याची स्थिती खरंच इतकी वाईट आहे?

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण शहरातल्या वाचकांना याची कल्पना नसते.

ग्रंथालय कायद्याच्या बाबतीत आपण मागे नव्हतो. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. राज्याचा कायदा १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू. त्यात लोकांनी चालवायचं आणि सरकारने अनुदान द्यायचं असं ठरलं. त्यामुळे राज्यभर बारा हजारांच्या आसपास वाचनालयं उभी राहिली, हे मोठंच काम. तमिळनाडूसारखा घरपट्टीवरचा ग्रंथालय उपकर मात्र आपण घेतला नाही. म्हणजे सगळी भिस्त अनुदानावर.

आता हिशेब. सगळ्यात खालच्या, ड वर्गाच्या वाचनालयाला दीर्घकाळ वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होतं. त्यातले निम्मे पगारावर, म्हणजे १५,०००. महिन्याला १,२५० रुपये. २०२२ ची ६० टक्के वाढ धरली तर ते २,००० होतात. एवढ्यात तो माणूस वाचनालय उघडतो, झाडतो, पेपर लावतो, पुस्तकं देतो, वर्गणी मागतो, तपासणीसाठी सगळ्या नोंदवह्या तयार ठेवतो. पदनाम: ग्रंथपाल. माझंही पदनाम तेच. दोघांच्या पगारातलं अंतर तुम्हीच काढा.

हे लोक सरकारी नाहीत, कारण नेमणूक संस्थेची. खासगीही नाहीत, कारण नियम सरकारचे. सरकारनेच नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीने या कर्मचाऱ्यांसाठी सेवाशर्ती आणि वेतनश्रेणी सुचवून दशकं लोटली. समितीचं नाव दर अधिवेशनाच्या ठरावात येतं, इतकं की नव्या पिढीला पत्की हे कुणी ग्रंथालय चळवळीतले संत वाटतात.

म्हणून वाचनालयाचा ग्रंथपाल बहुधा आणखी काहीतरी असतोच: विमा एजंट, शिकवणीवाला, झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, शेतकरी. भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं तेव्हा स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या घरांनी पुस्तकं सांभाळायला घेतली, त्याचं केवढं कौतुक झालं. आमच्या गावोगावच्या ग्रंथपालांनी शेती आणि पुस्तकं एकत्र सांभाळायला कधीच सुरुवात केली होती, फक्त फोटो निघाले नव्हते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या दुबईसह परदेशातही गेल्या आहेत. तिथे एखादी गृहिणी किंवा इंजिनिअर ती पेटी दिवाणखान्यात ठेवून पुस्तकांचा हिशेब ठेवतात. तेही आमच्याच जातकुळीचे, पगारही जवळपास तेवढाच.

मुलींसाठी शांत, सुरक्षित नोकरी ना?

वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी दोन पाळ्यांत उघडं असतं, नेमकं घरात चहा-डबा आणि रात्रीचा स्वयंपाक असतो तेव्हा. शांत म्हणणाऱ्याने एकदा हे वेळापत्रक जगून बघावं.

"मी लायब्ररी लावली आहे" असं मुलं म्हणतात. म्हणजे वाचन वाढलंय का?

पुण्याच्या पेठांत, संभाजीनगरात, लातुरात 'लायब्ररी' या शब्दाचा अर्थच बदलला. महिन्याच्या भाड्याने मिळणारी खुर्ची, डोक्यावर पंखा किंवा एसी, चार्जिंगची सोय. पुस्तकं स्वतःची आणायची. स्पर्धा परीक्षेची मुलं दहा-बारा तास तिथे बसतात. जुन्या वाचनालयांनीही वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढल्या आणि अनेकांचा वीजबिलाचा प्रश्न त्यातूनच सुटला.

नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. ज्याच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं आहेत, त्याला शांत खुर्ची देणं हे ग्रंथालयाचंच काम. खंत एवढीच की तिथला कर्मचारी खुर्च्यांचा व्यवस्थापक होतो. आमच्या वाचनालयातल्या एका सहायकाने यावर साधी युक्ती केली. अभ्यासिकेच्या जिन्यात, जिथे मुलं चहाला जाताना थांबतात, तिथे पन्नास पुस्तकांचा एक रॅक ठेवला. नोंद नाही, सही नाही. काही पुस्तकं गेली. काही नवी आली, मुलांनीच आणून ठेवलेली. साठा पडताळणीत तो रॅक कुठे दाखवायचा, हे मला विचारू नका.

एआय आलं. आता तरी तुमची नोकरी जाईल ना?

सध्या तरी त्याने माझं काम वाढवलं आहे. मागच्या सत्रात एम.ए.चा एक विद्यार्थी सहा मराठी पुस्तकांची यादी घेऊन आला. लेखक ओळखीचे, नावं अगदी शोभणारी, प्रकाशनवर्षंही दिलेली. दोन पुस्तकं सापडली. उरलेली चार अस्तित्वातच नव्हती. यादी चॅटबॉटने केली होती. त्याला ते पटेना. "मॅडम, तुमच्याकडे नसतील," म्हणाला. 'आमच्याकडे नाही' आणि 'नाहीच' यांतला फरक सिद्ध करायला मला दोन तास लागले.

एखादं पुस्तक नाही हे सांगणं, ते आहे हे सांगण्यापेक्षा अवघड. त्यासाठी कुणीतरी आधी सगळ्यांची नोंद केलेली असावी लागते. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांनी ती करून ठेवली आहे. त्यांची ग्रंथसूची मी त्या मुलासमोर उघडली, तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं, "हे सगळं एका माणसाने हाताने लिहिलं?" चॅटबॉटबद्दल आमचं पुढचं बोलणं मग बऱ्यापैकी समजूतदार झालं.

नोकरी जाईल की नाही ते नोकरी देणाऱ्यांना विचारा. वर सांगितलं तसं, जागा भरणं एआय यायच्या कितीतरी आधी बंद पडलं होतं.

मी बी.लिब. करू का?

पुस्तकं आवडतात एवढ्यासाठी करू नका, त्यासाठी वर्गणी पुरते. लोक काय विचारतात आणि त्यांना खरं तर काय विचारायचं असतं, यातलं अंतर ओळखण्याची हौस असेल तर करा. पुढे नेट-सेट द्यावी लागेल हे धरून चाला. वर्गीकरण मन लावून शिका. कालबाह्य झालं असं सांगतील, पण माहितीची रचना डोक्यात बसते ती तिथेच. युनिकोड, कोहा, थोडं एक्सेल स्वतः शिकून घ्या. आणि पहिली दोन वर्षं काउंटरवर बसा, पद कोणतंही मिळालं तरी.

वडिलांची जुनी पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची आहेत. घ्याल ना?

वर्षभरात सर्वाधिक वेळा येणारा हा प्रश्न. मी लागले तेव्हा आम्ही सगळं घ्यायचो, नाही म्हणणं उद्धटपणा वाटे. आता नाही म्हणायला शिकले आहे आणि ते कपाटं भरली आहेत म्हणूनच नाही. तुमच्या घरातल्या पन्नास पुस्तकांतली पस्तीस आमच्याकडे आधीच असतात, दहा पाठ्यपुस्तकं असतात. उरलेल्या पाचांत कधी कधी एखादं असं निघतं की मी ते दोन्ही हातांनी धरते: एखाद्या गावच्या शाळेचं शताब्दीचं पुस्तक, बंद पडलेल्या मासिकाचा दिवाळी अंक, पानाच्या कडेला पेन्सिलीने केलेल्या नोंदी.

तेव्हा पोती भरून आणू नका. आधी यादी करा, लेखक आणि वर्षासह. यादी नको वाटत असेल तर पुस्तकांच्या कण्यांचे फोटो काढून पाठवा, अक्षरं वाचता येतील असे. आणि रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा फोन करा. साडेपाचनंतर केलात तर मी काउंटरवर असते.